सोसायटीचं दप्तर : पंचनाम्यात लिफ्टला रकाना नाही

गेल्या महिन्यात या सदरात पंचनाम्याबद्दल चार ओळी ओझरत्या लिहिल्या आणि पत्रांचा पूर आला. सांगलीत राहणाऱ्या बाईने हा शब्द इतका सहज वापरू नये, पण दुसरा सुचत नाही. बहुतेक पत्रांचं दुखणं एकच: घराघरांत मदत आली, सोसायटीला काय? पाच पत्रं घेते. पहिल्याला जागा जास्त दिली आहे, कारण उरलेल्यांची निम्मी उत्तरं त्यातच आहेत.

प्रश्न : मॅडम, चिपळुणात आमची १६ गाळ्यांची नोंदणीकृत सोसायटी आहे. खाली दोन दुकानं, दोन फ्लॅट, वर तीन मजले. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी तळमजला भरून जिन्यात आलं. लिफ्ट, मीटर पॅनल, दोन्ही पंप, खालची टाकी, सगळं गेलं. दुरुस्तीला ४ लाख ८० हजार लागले. तळमजल्याच्या फ्लॅटना प्रत्येकी १० हजार मिळाले, दुकानांना भरपाई मिळाली, सोसायटीच्या नावाने काहीच नाही. अर्ज घेऊन गेलो तर ‘तुमचं कुटुंब कोणतं?’ असं विचारलं. वरचे सभासद म्हणतात, ज्यांना सरकारचे पैसे मिळाले त्यांनी ते सोसायटीत भरावेत. खालचे म्हणतात, आम्ही लिफ्ट वापरतच नाही. चौघांची वर्गणी अजून थकलेली आहे. सोसायटीसाठी काहीच तरतूद नाही का?
– सचिव, चिपळूण

उत्तर : नाही. दादा, हे आधीच सांगते, म्हणजे पुढचे हेलपाटे वाचतील.

आपत्तीतली सरकारी मदत राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांवर चालते. ते केंद्र ठरवतं, आणि महाराष्ट्रात त्यातला ७५ टक्के पैसा केंद्राचा, २५ टक्के राज्याचा असतो. त्या यादीत माणूस आहे, जनावर आहे, पीक आहे, घर आहे, झोपडी आहे, गोठासुद्धा आहे. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत पूर्ण पडलेल्या पक्क्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार, किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६ हजार ५००, आणि घर वाहून गेलं, पूर्ण पडलं किंवा दोन दिवसांहून जास्त पाण्यात राहिलं तर कपड्यांना २ हजार ५०० आणि भांड्यांना २ हजार ५००. प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘प्रति घर’ किंवा ‘प्रति कुटुंब’. सोसायटी म्हणजे घर नव्हे आणि कुटुंब तर मुळीच नव्हे, हे आपल्या वार्षिक सभा पाहिलेल्या कुणालाही पटेल.

राज्य सरकार या निकषांवर स्वतःची भर घालतं. तुमच्या पुराच्या वेळी घातली होती. कुटुंबाला कपडे आणि भांड्यांसाठी मिळून १० हजार, पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख, निम्मी पडझड असेल तर ५० हजार, पाव पडझडीला २५ हजार, किमान १५ टक्क्यांना १५ हजार. दुकानदाराला नुकसानीच्या ७५ टक्के किंवा जास्तीत जास्त ५० हजार, टपरीवाल्याला जास्तीत जास्त १० हजार. टपरीला रकाना होता, तुमच्या पंपाला नव्हता. टपरीवाल्याला मिळालं ते योग्यच झालं, त्याचं पोट त्यावर. पण चौदा कुटुंबांचं पिण्याचं पाणी ज्या दोन पंपांवर होतं, ते यादी करणाऱ्यांना दिसले नाहीत, कारण ही यादी मुळात खेडेगावातलं सुटं घर डोळ्यांसमोर ठेवून तयार झाली. स्वतःची भिंत, स्वतःचं छप्पर, दारात गोठा. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याचं घर कोरडं राहतं आणि तरी त्याच्या घरात पाणी नाही, वीज नाही, आजारी सासऱ्यांना खाली आणायची सोय नाही, हे नुकसान त्या तक्त्यात बसत नाही. ‘पडझड’ हा शब्दच पाहा. आरसीसीच्या इमारतीची पुराने पडझड होत नाही. ती उभी राहते आणि आतून निकामी होते.

आता तुमच्या भांडणाकडे. वरच्या मजल्यांचं म्हणणं साफ चुकीचं आहे. ते १० हजार भिजलेल्या गाद्या, वाहून गेलेली भांडी आणि मुलांचे गणवेश यांचे आहेत. त्यावर सोसायटीचा एक पैशाचाही हक्क नाही. दुकानदारांच्या रकमेवरही नाही.

आणि खालच्यांचं म्हणणंही चुकीचं. आदर्श उपविधी, म्हणजे सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली, काढून बघा. लिफ्टचा देखभाल-दुरुस्तीचा खर्च ती ज्या इमारतीत आहे तिथल्या सर्व सभासदांनी समान वाटून घ्यायचा, वापरोत वा न वापरोत. तळमजल्यावरचे फ्लॅट आले, दुकानंही आली. तुम्ही पाठवलेल्या हिशेबात लिफ्टचे २ लाख ९० हजार आहेत. सोळांत भागले की माणशी १८ हजार १२५. उरलेले १ लाख ९० हजार दुरुस्ती निधीतून यायला हवे होते. तो बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्के दरसाल जमवायचा असतो आणि सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठीचा राखीव निधी, पाव टक्का. तुमच्या ताळेबंदात दुरुस्ती निधी २२ हजार दिसतो! दादा, रागावू नका, पण हे पैसे पुराने नेलेले नाहीत. मेंटेनन्स वाढवला की सभेत आरडाओरडा होतो म्हणून दहा वर्षं कुणी तो विषयच घेतला नाही. चौतीस वर्षं सहकार खात्यात लेखापरीक्षण केलं. ‘निधी पुरेसा नाही’ हा शेरा मी इतक्यांदा लिहिलाय की हाताला सवय झाली होती, आणि माझ्या स्वतःच्या सोसायटीतही तो शेरा लागू होता.

सिंकिंग फंडाला हात लावायचा तर सर्वसाधारण सभेचा ठराव आणि मोठ्या दुरुस्तीबद्दल आर्किटेक्टचा दाखला हवा. निबंधक कार्यालयाशी आधी बोलून घ्या, म्हणजे पुढच्या लेखापरीक्षणात शेरा येणार नाही. पंचवीसपर्यंत सभासद असलेल्या सोसायटीत समिती स्वतःच्या अधिकारात एका वेळी २५ हजारांपर्यंतच दुरुस्ती करू शकते. त्यावर गेलात तर सभा हवी. विशेष सभेला पूर्ण पाच दिवसांची सूचना लागते, आणि ती गाळ काढता काढता पार्किंगमध्ये उभ्याने घेतली तरी चालते, फक्त इतिवृत्त लिहा. तुम्ही ठराव केला होता ना? तो असेल तर थकलेल्या चौघांवर सहकार कायद्याच्या कलम १५४ ब-२९ खाली वसुलीचा दाखला मागता येतो. त्याआधी एकदा घरी जाऊन चहा घ्या. दाखल्यापेक्षा चहाने जास्त वसुली होते, हा माझा अनुभव.

सोसायटीला मागता येईल अशा गोष्टीही आहेत, पण त्या पैशांत मोजल्या जात नाहीत. साचलेलं पाणी उपसणं, गाळ आणि कचरा उचलणं, टँकर, फवारणी ही कामं मदतीच्या निकषांत बसतात आणि नगरपरिषदेची आहेत. सोसायटीच्या लेटरहेडवर, शिक्क्यासह, जावक क्रमांक घालून लगेच मागा. तोंडी सांगितलेलं कुठेच राहत नाही.

प्रश्न : ताई, कोल्हापुरात शाहूपुरीतला माझा फ्लॅट भाड्याने दिला आहे. २०१९ च्या पुरात भाडेकरूला सरकारकडून १५ हजार मिळाले, हे मला आत्ता कळलं. घर माझं, सोसायटीची वर्गणी मी भरतो. निम्मी रक्कम मला मिळायला नको का?
– एक घरमालक, मुक्काम पुणे

उत्तर : नको. त्या वर्षी शहरी भागात कुटुंबाला १५ हजार आणि ग्रामीण भागात १० हजार जाहीर झाले, ते पाण्यात राहिलेल्या कुटुंबासाठी. पाण्यात तुमचा भाडेकरू होता, तुम्ही पुण्यात होता. घराच्या बांधकामाची पडझड नोंदली गेली असती तर ती मदत मालकाची. सोसायटीने दुरुस्तीसाठी लावलेली वर्गणीही मालकाचीच, ती भाडेकरूच्या डोक्यावर टाकू नका. आणि करार नोंदवलेला नसेल तर आता नोंदवा. पंचनाम्याच्या वेळी ‘इथे कोण राहतं’ याचा कागद नसला की दोघांचंही जातं.

प्रश्न : नमस्कार काकू. आई सांगलीहून तुमचं सदर फोनवर वाचून दाखवते. आम्ही न्यू जर्सीत होबोकेनला कॉन्डोत, म्हणजे मालकीच्या फ्लॅटांच्या इमारतीत, राहतो. इथल्या जुन्या शेजाऱ्यांनी २०१२ च्या सँडी वादळाच्या गोष्टी सांगितल्या, की फेमाने (इथल्या सरकारी आपत्ती यंत्रणेने) फ्लॅटमालकांच्या असोसिएशनला काही दिलं नाही. तिकडे बरं आहे की इकडे?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : दुखणं तेच आहे, बाळ, फक्त आकडे डॉलरमध्ये. फेमाची वैयक्तिक मदत मालकाला मिळते, तीही तो स्वतः तिथे राहत असेल तर, आणि विम्यातून न भागलेल्या, त्याच्या युनिटच्या आतल्या नुकसानीला. छप्पर, लॉबी, लिफ्ट, तळघरातला बॉयलर हे असोसिएशनचं. तिला अनुदान नाही. तिला सरकारच्या लघुउद्योग खात्याकडून, म्हणजे एसबीएकडून, २० लाख डॉलरपर्यंत कमी व्याजाचं आपत्ती कर्ज मिळू शकतं. ते फेडायचं सगळ्या मालकांनी मिळूनच. कर्ज नको असेल तर ‘स्पेशल असेसमेंट’ नावाची, म्हणजे जादा वर्गणीची, चिठ्ठी दाराखालून सरकते.

सँडीत सगळ्यात वाईट गत झाली न्यूयॉर्कच्या को-ऑप इमारतींची. तिथे रहिवाशाच्या मालकीचा फ्लॅट नसतो. त्याच्याकडे संस्थेचे शेअर असतात आणि शेअरमुळे राहण्याचा हक्क. म्हणून ‘घरमालक’ म्हणून मिळणारं दुरुस्ती अनुदान त्यांच्या हाती लागलं नाही, आणि संस्था म्हणजे धंदा, म्हणून तिलाही नाही. त्यावरून तिथल्या खासदारांनी काँग्रेसमध्ये विधेयकं मांडली. वाचून मी थबकले, कारण महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थेची रचना कागदावर अगदी हीच आहे: भागदाखला सभासदाचा, इमारत संस्थेची. तो न्याय आपल्याकडे लावला असता तर सांगली-कोल्हापुरातल्या हजारो फ्लॅटना छदाम मिळाला नसता. आपला तलाठी इतक्या खोलात गेला नाही. ‘राहता ना इथे? रेशनकार्ड दाखवा,’ एवढ्यावर त्याने भागवलं. कधीकधी अर्धवट कायदा पूर्ण कायद्यापेक्षा माणुसकीचा निघतो. आईला नमस्कार सांग.

प्रश्न : आमचं पुण्यात सिंहगड रस्त्याला अपार्टमेंट आहे. २५ जुलै २०२४ ला नदीचं पाणी पार्किंगमध्ये शिरलं, गाड्या बुडाल्या आणि मागची ओढ्याकडची सीमाभिंत पडली. (१) विमा कंपनी म्हणते तुमच्या पॉलिसीत भिंत नाही. (२) महापालिका म्हणते भिंत खासगी. (३) आम्ही सोसायटी नाही, कॉन्डोमिनियम आहोत, मग लिफ्टचा खर्च समान वाटायचा का?
– अध्यक्ष, पुणे

उत्तर : तिसऱ्याचं आधी. नाही. तुम्ही १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली आहात. तुमच्या घोषणापत्रात प्रत्येक फ्लॅटपुढे अविभक्त हिश्श्याची टक्केवारी लिहिलेली असते. सामायिक खर्च त्या प्रमाणात. मोठ्या फ्लॅटवाल्याला जास्त, मग तो कितीही जिन्याने चढो.

भिंतीचं भिजत घोंगडं पुण्यात जुनं आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा फुटला तेव्हाही ओढ्याकाठच्या कितीतरी सोसायट्यांच्या भिंती गेल्या, आणि सरकारी पैशाने खासगी जागेत भिंत बांधायची कशी, या एका वाक्यावर ती कामं वर्षानुवर्षं अडली. महापालिकेचं वाक्य नियमाने खरंही आहे. पण भिंत खरंच तुमच्या जागेत आहे का? बिल्डरने ती कुठे बांधली हे फक्त मोजणी सांगेल. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा. भिंत ओढ्याच्या हद्दीत निघाली तर ती महापालिकेच्या गळ्यात बांधता येते (आणि तुमची दोन फूट बागही जाते, याची तयारी ठेवा). आत निघाली तर खर्च तुमचा. मोजणीआधी पत्रव्यवहार करून उपयोग नाही, दोन्हीकडून तेच वाक्य येत राहील.

विम्याबद्दल मात्र मला तुमच्यावर थोडं रागवायचं आहे, आणि स्वतःवरही. सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत इमारतीचा आग आणि भूकंप यांचा विमा काढणं आवश्यक म्हटलं आहे. पुराचं नाव तिथे नाही. त्यामुळे बहुतेक सचिव तेवढाच काढतात, एजंटही स्वस्तातला देतो. आम्हीही तसंच केलं होतं. कृष्णेकाठी राहून भूकंपाचा विमा! २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५. पुढच्या वर्षी पॉलिसी घेताना मी एजंटकडून लेखी घेतलं: पूर धरलाय का, पार्किंगमधले पंप, मीटर पॅनल, लिफ्टचं मशीन, सीमाभिंत ‘इमारत’ या शब्दात येतात का, विम्याची रक्कम बांधायच्या आजच्या खर्चावर धरली की बिल्डरच्या जुन्या करारावर. शेवटच्या प्रश्नाला तो गप्प झाला, मग रक्कम दुप्पट केली. स्वतःच्या फ्लॅटसाठी एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आहे. त्यात पूर मुळातच धरलेला आहे, आणि घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, आपोआप संरक्षण मिळतं. वरच्या मजल्यावर राहता म्हणून ती घेऊ नये असं काही नाही.

गाड्या ज्याच्या त्याने आपल्या विम्यातून बघायच्या. पाण्यात बुडालेली गाडी ‘चालते का बघू’ म्हणून कुणी चावी फिरवली असेल तर इंजिनाचं विसरा. हे पुरुषमंडळींना सांगूनही पटत नाही.

प्रश्न : पुरात सोसायटीचं दप्तर भिजलं. भाग नोंदवही, इतिवृत्त, जुनी बिलं, सगळ्याचा लगदा झालाय. आता मदतीच्या अर्जाला ‘सभासद यादी जोडा’ म्हणतात. काय जोडू?
– खजिनदार, महाड

उत्तर : तुमचं पत्र वाचून पोटात कालवलं. आमचं दप्तर तळमजल्यावर वॉचमनच्या खोलीत लोखंडी कपाटात होतं. ‘कपाट लोखंडी आहे’ याचा आम्हाला अभिमान होता. पाच दिवसांनी पूर उतरला, कपाट उघडलं तर आतून कृष्णेचा काळा गाळ वाहिला. गच्चीवर दोऱ्या बांधून मी आणि दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी नोंदवहीचं पान न् पान चिमटे लावून वाळवलं. बॉलपेनचं लिहिलेलं राहिलं, शाईचं गेलं. म्हणजे १९९४ पूर्वीचं गेलं. त्या गडबडीत मी एक घोडचूक केली. जळालेले पंप भंगारवाल्याला देऊन टाकले, फोटो न काढता. पुढे कुणी विचारलं असतं तरी दाखवायला काही नव्हतं. म्हणून तुम्ही आधी त्या लगद्याचे फोटो काढा, भिंतीवरची पाण्याची रेघ त्याच चौकटीत येईल असे.

मग यादी उभी करायची. तुमच्याकडे गेलं ते दुसरीकडे शिल्लक असतं. निबंधक कार्यालयात नोंदणीच्या वेळची सभासद यादी आणि दरवर्षी भरलेली विवरणपत्रं असतात. तुमच्या लेखापरीक्षकाकडे थकबाकीची यादी असते, ती मागा. आम्ही लोक कागद टाकत नाही. प्रत्येक सभासदाकडून इंडेक्स दोन (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), भागदाखल्याची प्रत, घरपट्टीची पावती. बँकेत सोसायटीच्या खात्याचे उतारे. यांवरून नमुना ‘आय’ (सभासद नोंदवही) आणि नमुना ‘जे’ (सभासद यादी) नव्याने लिहा, समितीच्या ठरावात ‘मूळ नोंदवह्या पुरात नष्ट झाल्याने’ असं तारखेसह नमूद करा, सर्वसाधारण सभेत मंजूर करा आणि एक प्रत निबंधकांना द्या. मदतीच्या अर्जाला तोवर थांबू नका. समितीच्या सह्यांची तात्पुरती यादी जोडा आणि पोच घ्या.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण सांगते. घरपट्टी पाहाल तेव्हा प्रत्येक गाळ्याला वेगळा मिळकत क्रमांक आहे ना ते बघा. जुन्या इमारतींत सगळ्या बिल्डिंगला एकच क्रमांक असतो, मूळ जमीनमालकाच्या नावावर. तसं असलं तर पंचनाम्यात सगळ्या घरांचं मिळून एकच घर होतं. आणि अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करणं, झालेलं नसेल तर तेही या पावसाळ्याआधी कामाला लावा. इमारत उद्या राहण्याजोगी उरली नाही, तर घरागणिक मिळेल ते मिळेल, पण खालची जमीन सातबारावर अजून दुसऱ्याचीच असेल.

आमचं दप्तर आता तिसऱ्या मजल्यावर माझ्याकडे असतं, प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात, माझ्या शालूच्या वर. नातू त्याचे फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवतो आणि दर फोटोमागे पाच रुपये घेतो. तो खर्च मी किरकोळमध्ये दाखवला आहे, पावती नाही.